काळजावर ठेवलेला दगड

वाचकांचे प्रश्न

फोंडा तालुक्यातील एका वाचकाच्या पत्राचा सारांश असा : "गेल्या मिरगात आमचे आजोबा वारले. पंचावन्न वर्षांचा संसार होता. रोज दुपारी चारच्या सुमारास ते कुळागरातून परतत आणि मागच्या दारच्या पायरीवर कोयता ठेवत. त्या आवाजावर आजी चहाचे आधण चढवी. आता नेमक्या त्या वेळी तिच्या छातीत जडपणा येतो. ‘काळजार फातर दवरिल्ले भशेन दिसता’ असे म्हणून ती छातीच्या मध्यावर तळहात ठेवते. आम्ही तिला दवाखान्यात नेले. ईसीजी, रक्ततपासणी, सारे व्यवस्थित निघाले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ‘काही नाही, मनाचे आहे’ म्हणून घरी पाठवले. आजीला ते फार लागले. ‘मी काय सोंग करते?’ असे ती दोन दिवस विचारत होती. माझी शंका अशी की, भावना मेंदूत निर्माण होतात असे आपण शाळेत शिकतो. मग दुःख झाले की डोके न दुखता छातीतच का दुखते? की ही केवळ भाषेची सवय आहे?"

तुमच्या आजी सोंग करीत नाहीत, हे सर्वांत आधी लिहिते, आणि हे वाक्य त्यांना वाचून दाखवावे अशी विनंती करते. ‘मनाचे आहे’ याचा अर्थ आपल्याकडे ‘खरे नाही’ असा घेतला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तपासणीवरून हृदयाला तातडीचा धोका दिसत नाही, एवढेच त्या डॉक्टरांना सांगता येत होते. वेदना नाही असे सांगणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही. पायात काटा मोडला तरी त्याची कळ जाणवते ती मेंदूलाच. मेंदू ती पायात ‘ठेवतो’, म्हणून आपण पाय धरतो. त्यामुळे वेदना मेंदूत की छातीत, हा प्रश्न थोडा बदलून घ्यावा लागतो : दुःखाची वेदना मेंदू छातीतच का ठेवतो?

याचे पहिले कारण हृदयाच्या कामाच्या पद्धतीत आहे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते आणि त्यांतील बहुतेक ठोके आपल्याला कळतही नाहीत. ठोक्यांची लय हृदयात स्वतःचीच असते. पण ती वाढवणारे आणि कमी करणारे असे दोन प्रकारचे मज्जातंतू मेंदूकडून तिथवर आलेले असतात. संकटाच्या वेळी अनुकंपी मज्जातंतू लय वाढवतात, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात आणि ठोका केवळ जलद न होता जोरकसही होतो. दुसऱ्या बाजूने व्हेगस ही लांबलचक मज्जा (म्हणजे मज्जातंतूंचा जुडगा) लय आवरून धरते. या मज्जेतील बहुसंख्य तंतू खालून वर, म्हणजे अवयवांकडून मेंदूकडे निरोप नेणारे असतात. यकृत वजनाने हृदयाच्या कितीतरी पट मोठे आहे आणि त्याचेही काम अखंड चालते. पण वाईट बातमी कळताच यकृत हलले असे कोणाला कधी जाणवत नाही. छातीतला ठोका मात्र जाणवतो. आतल्या अवयवांपैकी भावनेची वर्दी इतक्या तत्काळ आणि इतक्या उघडपणे देणारा दुसरा अवयव नाही, म्हणूनच माणसाने भावनेचे घर तिथे मानले, असे मला वाटते.

हे मी अनेक वर्षे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवले. तरीही माझी धाकटी बहीण गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात आडोळीवर नारळ खवत होते, आणि पलीकडच्या माणसाचे वाक्य पूर्ण होण्याआधीच माझा खोबऱ्याने भरलेला हात छातीवर गेला. रडू नंतर आले, पुष्कळ नंतर. साडीवर उमटलेला तो पांढरा पंजा संध्याकाळी कोणीतरी दाखवला तेव्हा मला कळले. मज्जातंतूंची सगळी नावे पाठ असणाऱ्या बाईचा हातही कपाळाकडे न जाता तिथेच गेला होता.

आजींच्या छातीतील दगडात हृदयाचा वाटा आहे, परंतु तो एकट्या हृदयाचा नाही. शोकात श्वास उथळ आणि अनियमित होतो. हुंदका आवरताना फासळ्यांमधील स्नायू ताठ राहतात आणि तासन्‌तास ताठ राहिलेला कोणताही स्नायू दुखतो. श्वास फार भरभर झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. गळ्यात आवंढा अडकतो तोही स्नायूंचाच ताण असतो. कंठ दाटणे, ऊर भरून येणे, छाती दडपणे हे आपले वाक्प्रचार एका अवयवाचे नाव घेत असले तरी गळ्यापासून बरगड्यांपर्यंतचा सगळा प्रदेश त्यांत आलेला आहे.

इथे एक आश्चर्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या हृदयाला आपण इतके हळवे समजतो, त्याला स्पर्शाची जाणीव नाही. रक्ताभिसरण सिद्ध करणारे इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांच्याकडे एक तरुण सरदारपुत्र आला होता. लहानपणीच्या अपघातात त्याची छाती फुटून बरी झाली होती; पण डाव्या बाजूला मोठे भोक राहिले होते आणि त्यातून आतले हृदय हाताला लागत असे. हार्वे त्याला राजा पहिला चार्ल्स याच्याकडे घेऊन गेले, दोघांनी ते धडधडते हृदय बोटांनी चाचपले, आणि त्या तरुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. बाहेरच्या त्वचेला हात लागला तरच त्याला कळे. याच हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असेही नोंदवले होते की सुख, दुःख, आशा, भय यांपैकी मनाचा कोणताही क्षोभ हृदयापर्यंत पोहोचतो. ही दोन्ही निरीक्षणे एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

हृदयाला स्पर्श कळत नाही, तरी रक्त कमी पडले की वेदना होते, आणि तीही नेमकी जागा न सांगणारी. हृदयाकडून वेदनेचा निरोप आणणारे तंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या ज्या खंडांत शिरतात, छातीच्या पातळीवरील त्याच वरच्या चार-पाच खंडांत छातीच्या त्वचेचे आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूचे तंतूही येतात. निरोप कोणाचा, हे मेंदूला नीट उमगत नाही. म्हणून हृदयविकाराची कळ खांद्याला, हाताला, जबड्याला जाणवते. बोटाने ‘इथे’ असे दाखवण्याऐवजी तळहात छातीवर पसरणे ही आजींची खूण आतल्या अवयवांच्या अशा पसरट वेदनेचीच आहे. दुःखाची वेदना आणि हृदयविकाराची वेदना एकाच जागी, एकाच प्रकारे जाणवू शकतात, याचे हे एक कारण.

आता मेंदूविषयी. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. संगणकावरील चेंडूफेकीच्या खेळात एका माणसाला हळूहळू वगळण्यात आले आणि त्या वेळी त्याच्या मेंदूचे चित्रण केले गेले. शारीरिक वेदनेतील नकोसेपणाशी जोडला जाणारा मेंदूच्या मधल्या भागातील पट्टा या वगळले जाण्यानेही जागा झालेला दिसला. २०११ साली नुकताच प्रेमभंग झालेल्या ४० जणांना दुरावलेल्या प्रिय व्यक्तीचे छायाचित्र दाखवण्यात आले, आणि निराळ्या वेळी त्यांच्या हाताला चटका बसेल इतकी उष्णता देण्यात आली. दोन्ही वेळी मेंदूचे काही समान भाग काम करताना आढळले. यावरून ‘दोन्ही वेदना एकच’ असे मथळे तेव्हा छापून आले, ते मला घाईचे वाटतात. २०१४ साली अधिक बारकाईने केलेल्या विश्लेषणात त्याच भागांतही दोन्ही वेदनांचे नमुने वेगवेगळे ओळखता आले. एका वाड्यात दोन कुटुंबे राहावीत, दार एक असावे आणि चुली दोन, असे काहीसे हे आहे. पण वाडा एक आहे, हे खरे. सस्तन प्राण्यांचे पिल्लू आईपासून दूर गेले तर जगत नाही; तेव्हा विरहाची सूचना देण्यासाठी निसर्गाने आधीच तयार असलेली वेदनेची यंत्रणा वापरली असावी, हे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे मला पटते.

चार वाजताचे काय? पंचावन्न वर्षे त्या वेळी आजींचे शरीर एका आवाजाची वाट पाहण्यास तयार होत आले आहे. कान टवकारणे, उठणे, आधण ठेवणे या सगळ्याची जुळवाजुळव आजही शरीर करते आणि कोयत्याचा आवाज येत नाही. वियोग त्या क्षणी रोज नव्याने घडतो.

केवळ भाषेची सवय आहे का, असे तुम्ही विचारले आहे. २०१४ साली फिनलंड, स्वीडन आणि तैवान येथील ७०१ लोकांना निरनिराळ्या भावना शरीरात कुठे जाणवतात ते आकृतीवर रंगवायला सांगितले होते. दुःखाचा रंग छातीवर गडद आला आणि हातापायांत जाणीव कमी झाल्याचे लोकांनी दाखवले. इतक्या दूरच्या भाषांतील माणसे एकच जागा रंगवतात, तेव्हा ती केवळ म्हणींची करामत असणे कठीण. आपल्याकडे चरकसंहितेत वातज हृद्रोगाची कारणे सांगताना शोकाचे नाव पहिले आहे. शोकाने, उपवासाने, अतिश्रमाने, कोरड्या आणि अपुऱ्या अन्नाने वायू हृदयात शिरून तीव्र वेदना निर्माण करतो, असे तिथे म्हटले आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने संवेदनेचे केंद्र हृदयात मानले होते, तर पुढच्या काळातील वैद्य गेलनने मेंदूचा पक्ष घेतला; आणि तो वाद निकालात निघाल्यावरही लोकांनी छातीवर हात ठेवणे सोडले नाही. गोव्यातच पाहा. दुःखी सायबिणीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, मूर्तीत तलवार छातीत रुतलेली असते. बायबलमधील शुभवर्तमानात ती तलवार ‘जिवा’तून जाईल असे शब्द आहेत, परंतु जीव कोरून दाखवायचा तर कारागिराला छाती हीच जागा सापडली. तुमच्या आजींनीही आपला दगड तिथेच ठेवला आहे.

आजींसाठी दोन गोष्टी सुचवते. चार वाजता घरातील कोणीतरी त्यांच्याजवळ बसावे आणि चहा ठेवू द्यावा. आजोबांचा विषय टाळू नये. जडपणा चालताना किंवा चढण चढताना येऊ लागला, घाम सुटला, धाप लागली, कळ जबड्याकडे वा हातात गेली, तर आधीचा ईसीजी चांगला होता म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा. वयस्क स्त्रियांत आणि मधुमेह असणाऱ्यांत हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा अंधूक असतात. जेवण आणि झोप महिनोन्‌महिने तुटलेली राहिली, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवण्यात कमीपणा मानू नये.

डिचोलीहून एका शिक्षिका विचारतात : "‘नवरा गेला आणि तिने हाय खाल्ली’ असे आमच्या वाड्यावर दोन-तीन जणींविषयी म्हणतात. दुःखाने माणूस खरोखर मरू शकतो का, की योगायोगाला लोक असे नाव देतात?"

योगायोग असतोच, पण सगळे योगायोगावर ढकलता येत नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांची नोंद ठेवली होती. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळले, आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. तुमच्या वाड्यावर हाय खाण्याची गोष्ट बायकांविषयी सांगितली जाते. हा अभ्यास पुरुषांचा आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देते. घरच्या मुलांनी एकट्या पडलेल्या वडिलांकडेही तितकेच पाहावे.

दुसरा पुरावा जपानमधून आला. तेथील डॉक्टरांनी १९९० साली एका विकाराचे वर्णन केले. रुग्णाला छातीत कळ येते, धाप लागते, ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो, रक्तातील खुणाही तशाच मिळतात. पण अँजिओग्राफी केली की या साऱ्याला कारण होईल असा अडथळा रक्तवाहिन्यांत सापडत नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक मात्र निपचित होऊन फुगलेले असते आणि वरचा भाग जोराने आकुंचन पावत असतो. पडद्यावर दिसणारा तो आकार अरुंद गळ्याच्या, फुगीर पोटाच्या मातीच्या बुडकुल्यासारखा असतो. जपानी कोळी अष्टपाद पकडण्यासाठी अशी बुडकुली समुद्रात सोडतात, त्यांना ‘ताकोत्सुबो’ म्हणतात, आणि तेच नाव या विकाराला मिळाले. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो सर्वाधिक आढळतो. २००५ साली अमेरिकेतील १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणाच्या घरी मृत्यू झाला होता, कोणाला लुटारूंनी धमकावले होते, आणि एकीला तर अचानक आयोजित केलेल्या आनंदाच्या मेजवानीचा धक्का बसला होता. झटका आलेल्या रुग्णांच्या तुलनेत यांच्या रक्तात ॲड्रेनलिन आणि त्यासारखी द्रव्ये दुपटी-तिपटीने अधिक होती. दुःखाची बातमी स्नायूपर्यंत रसायनाच्या रूपाने पोहोचते आणि त्याला काही काळ बधिर करते, असे याचे सध्याचे स्पष्टीकरण आहे.

यातील बहुतेक रुग्णांचे हृदय काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते; क्वचित मात्र प्राणावर बेतते. त्याहून महत्त्वाचे हे की घरच्या घरी हा विकार आणि खरा झटका यांतील फरक ओळखता येत नाही, डॉक्टरांनाही तपासणीशिवाय येत नाही. सुतकाच्या घरात एखाद्या बाईच्या छातीत कळ आली तर ‘दुःखाने होते आहे’ म्हणून तिला पाणी पाजून निजवू नये. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या आधीच अरुंद झालेल्या असतील तर तीव्र भावना खरा झटकाही आणू शकते. प्रसिद्ध शल्यचिकित्सक जॉन हंटर यांना अशा वेदनांचा त्रास होता, आणि आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कोणाही लुच्च्याच्या हातात आहे असे ते म्हणत, असे सांगतात. १७९३ साली लंडनमधील आपल्याच इस्पितळाच्या बैठकीत वाद झाला आणि ते तिथेच कोसळून वारले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या हाडासारख्या कडक झालेल्या आढळल्या. राग निमित्त झाला, रोग आधीपासून होता. हाय खाल्लेल्या अनेकांच्या बाबतीत हेच घडत असावे.

मडगावहून एका गृहिणींचा छोटा प्रश्न : "मटणवाला कलेजी म्हणून यकृत देतो. मग काळीज म्हणजे हृदय कसे?"

तुमचा मटणवाला शब्दाच्या मुळाला धरून आहे. संस्कृतात ‘कालेय’, ‘कालखंड’ हे शब्द यकृताचे आहेत. कलेजी आणि काळीज हे त्याच कुळातले. बोलताना आपण तो शब्द हळूहळू वर सरकवला, आणि कोंकणीत तर आज हृदयाला काळीज हाच रोजचा शब्द आहे. यकृताला भावनेचे स्थान मानणारे आपण एकटे नाही. मलय भाषेत ‘हाती’ म्हणजे यकृत, आणि मन दुखावले तर तिथे हातीच दुखते असे म्हणतात. आपणही पोटात तुटते, आतडे पिळवटते असे बोलतो, आणि शोकात भूक मरते, पोटात कालवते, हे पाहता त्यात चूक काही नाही. पोटाकडूनही निरोप नेणारी मज्जा तीच व्हेगस आहे. हृदयाचा शब्द अनपेक्षित जागी शिल्लक राहिला आहे तो ‘डोहाळे’ या शब्दात. गर्भातील बाळाचे हृदय चौथ्या महिन्यात व्यक्त होते, म्हणून गर्भिणीला दोन हृदये असतात, असे सुश्रुताने म्हटले. त्या ‘दौहृदा’चे दोहद झाले आणि दोहदाचे डोहाळे.